समोर कोण उभं होतं?

तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज बेसबॉलवर का बोलतोय, असं तुम्हाला वाटेल. पण आकड्याला पुरावा कधी मानायचा, हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो : पिचर चेंडू फेकतो, बॅटर तो टोलवतो. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर बाद. त्याला स्ट्राइकआउट म्हणतात.

नोलन रायन १९६६ मध्ये मेजर लीगमध्ये आला आणि १९९३ मध्ये थांबला. एकूण २७ हंगाम, ५७१४ स्ट्राइकआउट. हा विक्रम अजून कायम आहे. त्याने बॉबी बाँड्सला बाद केलं आणि पुढे त्याचा मुलगा बॅरी यालाही. आणखी एक गंमत पाहा. १९७४ मध्ये बॉब गिब्सनचा तीनहजारावा बळी होता सिनसिनाटीचा सीझर जेरोनिमो. १९८० मध्ये रायनचाही तीनहजारावा बळी तोच! म्हणजे प्रत्येक आकड्यात दोन माणसं असतात. विक्रम मात्र एकाच्याच नावावर लागतो.

आता मागे जाऊ. साय यंग, १८९० ते १९११, ५११ विजय. सर्वोत्तम पिचरला आज त्याच्याच नावाचा पुरस्कार देतात. पण त्याच्यासमोर कोण आलंच नाही? मेजर लीगमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव होता. लेखी नियम नव्हता, मालकांचा आपसातला समझोता होता. तो मोडला १९४७ मध्ये, जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला तेव्हा. यंगची मेहनत यामुळे खोटी ठरत नाही. पण त्याचा आकडा अर्ध्याच मैदानावरचा आहे.

सॅचेल पेजचं पाहा. जन्म १९०६ चा. उमेदीची वर्षं निग्रो लीगमध्ये गेली. मेजर लीगचं दार उघडलं १९४८ मध्ये, तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९६५ मध्ये, एकोणसाठाव्या वर्षी, त्याने बोस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकल्या आणि एकही धाव दिली नाही!

२०२० मध्ये निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा मिळाला आणि २०२४ मध्ये त्यांचे आकडे मुख्य नोंदीत आले. कारकिर्दीच्या बॅटिंग सरासरीत टाय कॉब दुसरा झाला, जॉश गिब्सन पहिला. मघाचा बॉब गिब्सन वेगळा बरं का. हा जॉश जानेवारी १९४७ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी वारला. रॉबिन्सन उतरला त्यानंतर तीन महिन्यांनी.

नोंद दुरुस्त झाली, चांगलं झालं. पण लेफ्टी ग्रोव्ह हा ३०० विजयांचा पिचर आणि जॉश गिब्सन १९३० च्या दशकात एकाच देशात खेळत होते, तरी लीगच्या एकाही सामन्यात समोरासमोर आले नाहीत. ते सामने आता कोणालाच खेळवता येणार नाहीत. म्हणून कोणी ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ म्हटलं की मी आधी विचारतो : समोर कोण होतं, आणि कोणाला येऊ दिलं नव्हतं?