सुवाह्य जलगाळणी

भटकंतीत किंवा पूरग्रस्त भागात उघड्यावरचे पाणी पिण्याजोगे करण्यासाठी सोबत नेता येणारे साधन. सध्या पोकळ तंतूंची गाळणी सर्वाधिक प्रचलित आहे. मुठीत मावणाऱ्या नळकांड्यात सूक्ष्म नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या भिंतींतील छिद्रे साधारण ०.१ ते ०.२ मायक्रॉनची. पटकी व विषमज्वराचे जीवाणू, तसेच जिआर्डियासारखे आदिजीव तिथे अडकतात. ‘अ’ प्रकारच्या काविळीचे विषाणू जेमतेम ०.०३ मायक्रॉनचे असल्याने पार होतात. क्षार, फ्लोराइड आणि कीटकनाशकेही. विषाणूंच्या धोक्यामुळे वस्तीखालच्या ओढ्याचे पाणी गाळल्यावरही उकळावे किंवा त्यात क्लोरीनची गोळी टाकावी.

गडावरच्या टाक्यातले पाणी घेताना शेवाळ बाजूला सारावे, गढूळ पाणी निवळू द्यावे आणि आधी चौपदरी फडक्यातून गाळावे. एवढे केले तरी गाळणीचे आयुष्य बरेच वाढते. धार मंदावली की गाळणीला जोडलेली पाण्याची पिशवी जोराने पिळण्याचा मोह होतो, तो टाळावा. पिचकारीने स्वच्छ पाणी उलट दिशेने सोडल्यास साचलेला गाळ तपकिरी धारेने बाहेर येतो. कच्च्या पाण्याचा थेंबही निर्गम तोंडाला लागू देऊ नये. मोसम संपला की गाळणी धुऊन, पूर्ण वाळवून ठेवावी.

खरा धोका गोठण्याचा. ओल्या तंतूंत बर्फ झाल्यास ते तडकतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. हिमालयात रात्री गाळणी झोपण्याच्या पिशवीत घ्यावी. एकदा गोठलेली गाळणी निकामी समजून बदलावी.