पाठशुद्धी आणि भूशुद्धी : हंटर्स पॉइंट गोदीचा लेखी इतिहास

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या आग्नेय टोकाला, उपसागरात शिरलेल्या भूशिरावर हंटर्स पॉइंट ही अमेरिकी नौदलाची जुनी गोदी आहे. तिच्या शुद्धीकरणाचा इतिहास सामान्यतः पर्यावरणविज्ञानाचा किंवा कायद्याचा विषय मानला जातो. परंतु या इतिहासाची साधने तपासली, तर त्यात मातीइतकेच महत्त्व कागदाला असल्याचे दिसते. एखादा भूखंड निर्धोक आहे हे विधान अखेर एका नोंदीवर उभे असते : नमुना कोणी घेतला, नेमका कोठून घेतला आणि तो प्रयोगशाळेपर्यंत कोणाच्या हातून पोचला. ही साखळी एका ठिकाणी तुटली, की विधानाचा आधार जातो. हस्तलिखिताची परंपरा तपासणाऱ्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटण्याचे कारण नाही.

या भूशिरावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खासगी सुकी गोदी होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली त्याच महिन्यात, डिसेंबर १९४१ मध्ये, नौदलाने तिचा ताबा घेतला. युद्धकाळात दक्षिणेकडील राज्यांतून हजारो कृष्णवर्णीय कामगार येथे आले आणि गोदीलगतच्या बेव्ह्यू-हंटर्स पॉइंट या वस्तीत स्थायिक झाले. जुलै १९४५ मध्ये हिरोशिमावर टाकल्या गेलेल्या बाँबचे भाग घेऊन 'इंडियानापोलिस' ही युद्धनौका येथूनच टिनियन बेटाकडे निघाली. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये बिकिनी कंकणद्वीपावर दोन अणुचाचण्या झाल्या. त्यांतील दुसरा स्फोट पाण्याखाली घडवून आणलेला होता आणि त्याच्या किरणोत्सारी तुषारांनी लक्ष्य म्हणून उभ्या केलेल्या जहाजांना न्हाऊ घातले. त्यांपैकी काही जहाजे हंटर्स पॉइंटला आणली गेली. वाळूचा मारा करून आणि आम्लाने धुऊन ती स्वच्छ करण्याचे प्रयोग झाले. 'इंडिपेन्डन्स' ही विमानवाहू नौका १९५१ मध्ये फॅरालॉन बेटांच्या परिसरात बुडवण्यात आली. जहाजे गेली, परंतु त्यांच्यावरून उतरलेला मळ गोदीच्या परिसरात राहिला. या कामातूनच नौदलाची किरणोत्सार संरक्षण प्रयोगशाळा उभी राहिली आणि ती १९६९ पर्यंत चालली. रेडियमचा रंग लावलेल्या तबकड्या आणि डेकवरील खुणा, प्रयोगशाळेतील द्रव्ये, जड धातू, तेल, पीसीबी असा संमिश्र वारसा जमिनीत, गटारांत आणि भरावात साठत गेला.

१९७४ मध्ये गोदी बंद झाली. १९८९ मध्ये तिचे नाव 'सुपरफंड' कायद्याखालील राष्ट्रीय अग्रक्रम यादीत दाखल झाले. या कायद्याच्या अंमलबजावणीची एक बाजू येथे लक्षात घेतली पाहिजे. लष्करी जागेच्या शुद्धीकरणाची मुख्य जबाबदारी संरक्षण खात्याकडेच असते. पर्यावरण संरक्षण संस्था आणि राज्यशासनाची खाती देखरेख करतात. म्हणजे ज्याने जागा दूषित केली तोच शुद्धीकरणाचा कर्ता आणि शुद्धीकरणाच्या वृत्तांताचाही पहिला लेखक. देखरेख करणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा माती येत नाही, तो वृत्तांत येतो. तो वाचक असतो. आणि देखरेखीची गुणवत्ता त्याच्या वाचनाच्या गुणवत्तेवर ठरते.

त्यामुळे २००४ मध्ये नौदलाने प्रसिद्ध केलेला किरणोत्सारी द्रव्यांच्या वापराचा ऐतिहासिक आढावा हा या प्रकरणातील मध्यवर्ती ग्रंथ ठरतो. १९३९ ते २००३ या कालखंडातील कागदपत्रे आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती यांच्या आधारे कोणत्या इमारती व जागा बाधित असू शकतात, हे त्यात ठरवले आहे. पुढे कोठे खणायचे आणि कोठे नाही, याचा निर्णय या इतिहासलेखनावर अवलंबून राहिला. कागदपत्रांत जिचा उल्लेख नाही ती जागा तपासणीतून सुटण्याचा संभव होता. इतिहासातील मौनाचा अर्थ 'घडले नाही' असा घ्यावा काय, हा इतिहासकारांचा जुना प्रश्न येथे थेट मातीशी जोडला गेला.

मराठीच्या वाङ्मयेतिहासात या प्रश्नाशी सामना करण्याच्या दोन पद्धती दिसतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेथे शुद्धीचा अर्थ अपपाठ दूर करून एक विश्वसनीय पाठ सिद्ध करणे असा आहे. लीळाचरित्राची वाट वेगळी आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा त्या पाहिलेल्या-ऐकलेल्या माणसांकडे जाऊन जमवल्या. मूळ ग्रंथ हरवल्यावर अनुयायांनी तो स्मरणातून पुन्हा उभा केला, तेव्हा भिन्न आठवणी पुसून न टाकता 'वासना', 'शोधु' अशा संज्ञांनी त्या पाठात राखल्या गेल्या. पहिल्या पद्धतीत शुद्धी करणाऱ्याच्या अधिकारावर विश्वास ठेवावा लागतो. दुसरीत साक्षीदाराचे नाव व त्याचा भेद ग्रंथातच टिकून राहतो. हंटर्स पॉइंटवर पहिली पद्धत पत्करली गेली, आणि शुद्धी करणाऱ्याचा अधिकारच पुढे संशयास्पद ठरला.

गटारे उकरून माती तपासण्याचे आणि सर्वेक्षणाचे मोठे काम टेट्रा टेक ईसी या कंत्राटदार कंपनीकडे होते. २०१२ मध्ये नौदलाच्या पाहणीत काही नमुन्यांचे निष्कर्ष संशयास्पद वाटले : ठिकाणे वेगवेगळी, परंतु मातीचा गुणधर्म जणू एकच. दूषित असण्याची शक्यता असलेल्या जागेऐवजी स्वच्छ जागेची माती नमुना म्हणून पाठवली गेली होती. या प्रकरणात कंपनीच्या दोन पर्यवेक्षकांना २०१८ मध्ये प्रत्येकी आठ महिन्यांचा कारावास झाला. दरम्यान कंपनीचे माजी कामगार पुढे आले आणि प्रकार दोघांपुरता नसल्याचे त्यांनी सांगितले. नौदलाने आकडेवारीचा फेरआढावा घेतला. पर्यावरण संरक्षण संस्थेने तो पुन्हा तपासला, तेव्हा 'बी' भूखंडातील सुमारे ९० टक्के आणि 'जी' भूखंडातील सुमारे ९७ टक्के सर्वेक्षण-घटकांची माहिती तिला भरवशाची वाटली नाही. एका नोंदीतील अपपाठ सापडला होता. दुसऱ्या वाचनात जवळजवळ सगळी प्रतच संशयित ठरली.

येथे ग्रंथ आणि जमीन यांतील भेदही स्पष्ट होतो. संशयित पोथी कपाटात तशीच राहते आणि नवा संपादक ती पुन्हा उघडू शकतो. शुद्धीकरणात मात्र मूळ साधनच हलवले जाते. चर उकरले जातात, माती चाळली जाते, काही बाहेर पाठवली जाते, काही 'शुद्ध' ठरवून त्याच चरात भरली जाते. बनावट नोंद मूळ पुरावाही विस्कळीत करून जाते. म्हणून २०२० मध्ये 'जी' भूखंडाच्या फेरतपासणीला आरंभ झाला, तेव्हा आधी भरलेल्या चरांपैकी सुमारे एक तृतीयांश पुन्हा उकरण्याची आणि त्यांत दूषण आढळल्यास सर्व उकरण्याची योजना आखावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने अमेरिकी शासनाशी ९ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड केली. ही रक्कम दाव्याचा निकाल लावते. चरात काय आहे ते सांगत नाही.

वस्तीतील लोकांची साक्ष या सर्व काळात उपलब्ध होती. ऑगस्ट २००० मध्ये गोदीच्या भरावक्षेत्राला आग लागली आणि ती जमिनीखाली दीर्घकाळ धुमसत राहिली. रहिवाशांना तिची माहिती वेळेवर मिळाली नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहरातील सुमारे ८७ टक्के मतदारांनी, जागा कोणत्याही निर्बंधाविना वापरता येईल इतकी शुद्ध करावी, असा कौल दिला. तो नौदलावर बंधनकारक नव्हता. नागरिकांचा सहभाग असलेले सल्लागार मंडळ नौदलाने २००९ मध्ये विसर्जित केले. ज्या काळात नमुने बदलले जात होते, त्या काळात शंका विचारणारे एक अधिकृत व्यासपीठ उरले नव्हते. या दोन घटनांत कार्यकारणभाव सिद्ध करता येत नाही. परंतु भिन्न पाठाला ग्रंथात जागा न ठेवल्याने काय घडू शकते, याचा अंदाज त्यांवरून येतो.

'ए' भूखंड २००४ मध्येच शहराकडे सुपूर्द झाला होता आणि पुढे तेथे घरे उभी राहिली. या भूखंडाची तपासणी आवश्यक नाही असे दीर्घकाळ मानले गेले. २०१८ मध्ये लोकांच्या आग्रहानंतर राज्याच्या आरोग्य खात्याने तेथे पाहणी केली. सप्टेंबरमध्ये, एका फुटाहूनही कमी खोलीवर, रेडियमचा रंग असलेली डेकवरची एक खूण सापडली. वस्तू लहान होती आणि ती काढून टाकण्यात आली. परंतु ज्या भूखंडावर शोधण्यासारखे काही नाही असे लिहिले गेले होते, त्या भूखंडावर ती होती; आणि वरच्या घरांतून माणसे राहत होती.