धूर चंद्रपूरचा, वीज कुणाची?

दरडोई कार्बनची एखादी यादी पेपरात आली आणि आमच्या जिल्ह्याचं नाव वर दिसलं, की पुण्यामुंबईचे नातेवाईक फोनवर हमखास विचारतात, "तुम्ही तिथे करता तरी काय एवढं?" मी चंद्रपूरच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. आमचे हे इथल्या औष्णिक वीजकेंद्रात, म्हणजे थर्मलमध्ये होते. त्यामुळे या प्रश्नाचं उत्तर मला जरा लांबून, १९१२ पासून द्यावं लागतं.

त्या साली मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध कायदा झाला. गिरण्यांच्या बॉयलरांत कोळसा जळत होता आणि शहराच्या डोक्यावर काजळी बसत होती. पुढे तीनच वर्षांत, फेब्रुवारी १९१५ मध्ये, टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवता इथे पाणी अडवायचं, पाइपांतून खाली खोपोलीला सोडायचं आणि तिथली वीज तारांवरून गिरण्यांना पुरवायची. योजना नामी होती, यात शंका नाही. पण पाठोपाठ मुळशीची पाळी आली. १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले, 'जान किंवा जमीन' म्हणाले. जमीन गेली. धरण झालं आणि १९२७ पासून त्या पाण्यावर भिऱ्याचं केंद्र चालू लागलं. वीज मुंबईला आणि पाण्याखाली मुळशी, हा या राज्याच्या विजेचा पहिला हिशेब. तो कुठल्या यादीत चढला नाही, कारण पाण्याला धूर नसतो.

मुंबईने स्वतःच्या हद्दीत काहीच जाळलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, टाटांचं औष्णिक केंद्र १९५६ पासून आहे. पण शहर वाढलं तशी भट्टी दूर सरकत गेली. उपनगरांसाठीचं केंद्र नव्वदच्या दशकात डहाणूला उभं राहिलं, चिकूच्या वाड्यांच्या शेजारी. आणि महाराष्ट्राची सगळ्यांत मोठी भट्टी तोवर चंद्रपूरजवळच्या आमच्या दुर्गापूरला पेटली होती.

त्यालाही कारण होतं. आमच्याकडे वर्धा खोऱ्याचा कोळसा. वरोऱ्याची खाण तर इंग्रजांच्या काळातच सुरू होऊन बंदही पडली होती. या कोळशात शंभर किलोमागे पस्तीस-चाळीस किलो निव्वळ राख. ती राख आगगाडीने समुद्रापर्यंत वाहून न्यायची कशाला? त्यापेक्षा खाणीच्या तोंडाशी जाळा आणि तार ओढा. इरई नदीवर धरण झालं, १९८३ मध्ये पहिला संच चालू झाला आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांची हत्या झाली, म्हणून तो समारंभ इथे अजून लोकांच्या लक्षात आहे.

हे कंट्रोल रूममध्ये असत. दिवेलागणीला कळव्याच्या लोड डिस्पॅच केंद्रातून निरोप यायचा, लोड वाढवा. तिकडे लोकल भरून घरी परतत, पंखे-दिवे-टीव्ही लागत आणि इकडे कोळसा दळणाऱ्या मिल्समध्ये जास्तीचा कोळसा पडे. उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालायची त्या मलमलच्या पांढऱ्या कापडाखाली. संध्याकाळी कापड झटकलं की करडी भुकटी उडायची. बोटांत चोळली तर पिठापेक्षा बारीक, जराशी चकाकणारी. कुरडया कुठल्या कामासाठी मळल्या हे मला नेमकं ठाऊक होतं, कारण रात्री जेवताना हे सांगायचे, आज पीक लोड किती गेला ते.

१९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघे ही लाइन सुरू झाली. पडघे म्हणजे भिवंडीजवळचं. ७५२ किलोमीटर, ५०० किलोव्होल्ट, १५०० मेगावॉट. एकदिश प्रवाहाची लाइन असल्यामुळे ती एका टोकाला चढते आणि दुसऱ्या टोकालाच उतरते. मधल्या एकाही गावाला तिच्यातला एक दिवा लागत नाही. ही रेघ मी मुलांना नकाशावर काढायला लावायची. एका पोराने विचारलं, "मॅडम, मग ती आपल्या डोक्यावरून जाते कशाला?" २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांतली ही गोष्ट. मुंबईत दिवे जळत होते आणि विदर्भातल्या खेड्यांत तासन्‌तास अंधार होता. त्याचा प्रश्न भूगोलाचा नव्हता.

आता यादीचं गणित पाहा. आमच्या केंद्राची आजची क्षमता २९२० मेगावॉट. ते साठ टक्के चाललं असं धरा आणि कोळशाच्या विजेला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड धरा. वर्षाला दीड कोटी टन होतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २२ लाख. भागाकार केला की माणशी सात टन, तोही या एकाच केंद्राचा. देशाची सरासरी दोन टनांच्या आसपास. म्हणजे पोंभुर्ण्याचा धान पिकवणारा शेतकरी, ज्याच्या घरी दोन दिवे आणि एक पंखा, तो कागदावर देशातल्या सरासरी माणसाच्या साडेतीन पट कार्बन सोडतो!

ही चूक गणिताची नाही, रकान्याची आहे. देशांच्या हिशेबासाठी जो नियम ठरला तो असा, की ज्याच्या हद्दीत धूर निघाला त्याच्या नावावर तो मांडायचा. मोजायला तो सोपा आहे. चिमणी दिसते, कोळशाच्या पावत्या असतात. राज्याला किंवा जिल्ह्याला तोच नियम लावला की घोळ होतो. गोव्यात कोळशाचं मोठं वीजकेंद्र नाही, पण त्याच्या वाट्याची वीज छत्तीसगडच्या कोरब्याहून येते; मग गोवा स्वच्छ आणि कोरबा मळका ठरतो.

शहरांसाठीची पद्धत वेगळी आहे आणि मला ती जास्त प्रामाणिक वाटते. मुंबई महापालिकेचा २०२२ चा हवामान आराखडा बाहेरून आलेल्या विजेचा कार्बनही शहराच्याच खात्यावर धरतो. २०१९ सालचे सुमारे २ कोटी ३४ लाख टन, त्यातले ७२ टक्के ऊर्जेचे. पण सिमेंटचं काय? गडचांदूर-आवारपूरच्या भट्ट्यांत चुनखडी भाजताना जो वायू सुटतो तो आमचा, आणि त्या सिमेंटचे टॉवर दुसऱ्यांचे. विजेच्या रकान्यात सिमेंट कुठून येणार?

उलट बाजूही सांगते. थर्मलमुळे आमच्यासारख्यांची घरं चालली, पोरं शिकली. जिल्ह्यातले पोलाद आणि कागदाचे कारखानेही काही कमी वीज पीत नाहीत. शिवाय ग्रिडमध्ये मिसळलेल्या युनिटावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं, त्यामुळे अमुक टन अमुक शहराचे असं छातीठोक सांगता येत नाही. हे सगळं मान्य. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं आलं, तेव्हा मी तक्रार केली नव्हती. ती यादी हवेची, पाण्याची आणि जमिनीची होती. राख इथल्याच फुप्फुसांत जाते, त्यामुळे ती इथेच मोजली पाहिजे. कार्बन मात्र कुठेही सुटला तरी सगळ्या जगाचा होतो. तिथे विचारायचं ते एवढंच, की तो कुणासाठी जाळला.

म्हणून अशा याद्या छापणाऱ्यांना माझं सांगणं आहे: जिल्ह्याच्या नावापुढे दोन आकडे द्या, इथे जाळलं किती आणि इथे वापरलं किती. दुसरा आकडा निदान विजेपुरता काढायला अवघड नाही, वीज बिलांतून निघतो. तो देणार नसाल तर दरडोईचा भागाकार तरी करू नका.