नायट्रोजन निक्षेपणाचे मापन

वातावरणातील अमोनिया, नायट्रिक अम्ल, नायट्रोजन ऑक्साइडे इ. संयुगे भूपृष्ठावर येऊन साचण्याच्या क्रियेस नायट्रोजन निक्षेपण म्हणतात. पाऊस, हिम वा धुके यांवाटे होणारे ते आर्द्र निक्षेपण आणि वायू व धूलिकण यांच्या रूपाने थेट होणारे ते शुष्क निक्षेपण होय.

इतिहास : यूस्टुस फोन लीबिक या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना १८२७ मध्ये गडगडाटी पावसाच्या पाण्यात नायट्रिक अम्ल आढळले. पिकांना लागणारा नायट्रोजन हवेतील अमोनियापासून मिळतो, असे मत त्यांनी पुढे मांडले. या मताची पडताळणी इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे झाली. तेथे जॉन बेनेट लॉझ व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८५३ मध्ये एक सहस्रांश एकर (सु. ४ चौ. मी.) क्षेत्रफळाचे पर्जन्यमापक उभारले. पावसातून हेक्टरी काही किलोग्रॅमच नायट्रोजन येतो व तो पिकास अपुरा आहे, असे दिसून आले. भारतात देहरादून व कानपूर येथील पावसाचे विश्लेषण जे. डब्ल्यू. लेदर यांनी १९०६ मध्ये प्रसिद्ध केले.

आर्द्र निक्षेपण : पाण्यातील नायट्रोजनाच्या संहतीस (मिग्रॅ. प्रती लिटर) पर्जन्यमानाने (मिमी.) गुणले असता दर चौ. मी.वरील निक्षेपण मिग्रॅ.मध्ये मिळते. उदा., संहती ०.५ व पाऊस ८०० मिमी. असल्यास ते हेक्टरी ४ किग्रॅ. होते. गणित सोपे असले, तरी नमुना शुद्ध राखणे कठीण असते. उघड्या पात्रात धूळ व पक्ष्यांची विष्ठा पडते आणि साठविलेल्या पाण्यातील अमोनिया सूक्ष्मजीव वापरून टाकतात. म्हणून पावसाच्या वेळीच झाकण उघडणारी स्वयंचलित पात्रे प्रचारात आली व पाण्यात थायमॉलसारखी परिरक्षके घालण्यात येऊ लागली. १९७५ मध्ये पुढे आलेल्या आयन वर्णलेखन पद्धतीमुळे थोड्याशा पाण्यातील अनेक आयन एकाच वेळी मोजता येऊ लागले.

भारतीय वातावरणविज्ञान विभागाने १९७० नंतरच्या दशकात पावसाच्या रासायनिक निरीक्षणासाठी दहा केंद्रे स्थापिली. त्यांत पुणे व नागपूर यांचा समावेश आहे. भारतात मातीच्या धुळीतील कॅल्शियम पावसातील अम्लाचे उदासिनीकरण करते. त्यामुळे पाणी अम्लधर्मी नाही, एवढ्यावरून त्यात नायट्रेट कमी आहे असे ठरत नाही.

शुष्क निक्षेपण : हे पर्जन्यमापकात सापडत नाही. स्वीडनमध्ये मार्टिन फेर्म यांनी १९७९ मध्ये अम्लाचा लेप दिलेल्या नळीतून हवा ओढून अमोनिया वायू कणांपासून वेगळा मोजण्याची पद्धत वर्णिली. अशा रीतीने मिळालेल्या संहतीस निक्षेपण वेगाने गुणतात. परंतु हा वेग वारा, पृष्ठभाग व वनस्पती यांनुसार बदलत असल्याने उत्तर अंदाजी राहते.

वऱ्हाडात ही अडचण विशेष जाणवते. तेथे बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या काळात पडतो, उरलेल्या सु. आठ महिन्यांतील निक्षेपण मुख्यतः शुष्क असते व केवळ पावसाच्या मापनातून ते निसटते. शिवाय अमरावतीच्या राजापेठेसारख्या वर्दळीच्या वस्तीत ठेवलेले पात्र मुख्यतः वाहनांचा धूर व रस्त्यावरील धूळ यांची साक्ष देईल, कपाशीच्या शेताची नव्हे. तेव्हा येथील काळ्या जमिनीस हवेतून किती नायट्रोजन मिळतो, हे ठरविण्यास शेतातच व वर्षभर दोन्ही प्रकारचे मापन करावे लागते.