१७ डिसेंबर १९४६ : सभागृहातला एक विरोध

मंडळी, मतभेद कसा मांडावा, याचा एक नमुना आपल्याच संविधान सभेत आहे.

१३ डिसेंबर १९४६ ला नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग सभेत आलेलीच नव्हती, संस्थानांचे प्रतिनिधीही नव्हते. मुकुंदराव जयकरांनी सुचवलं की, ते येईपर्यंत ठराव थांबवा. त्यांच्या भाषणात वारंवार अडथळे आणले गेले. वातावरण तापलेलं. आणि १७ तारखेला अध्यक्ष राजेंद्रप्रसादांनी अचानक डॉ. आंबेडकरांचं नाव पुकारलं. त्यांच्या आधी वीस-बावीस वक्ते होते. आपला नंबर दुसऱ्या दिवशी येईल, असं ते धरून चालले होते. त्यात काँग्रेसशी त्यांचं वैर जुनं. आता हे तोफा डागणार, असं पुष्कळांना वाटलं असेल, नाही का?

बाबासाहेबांनी टीका केलीच. ठरावात हक्क आहेत, पण ते मोडले तर दाद कशी मागायची, ते नाही. समाजवादी अर्थव्यवस्थेचा स्पष्ट उल्लेख नाही. पण मुख्य मुद्दा त्यांनी वेगळाच उचलला. देश आज फुटलेल्या छावण्यांत आहे, हे कबूल करून ते म्हणाले की पुढे हा देश एक होईल, याबद्दल मला शंका नाही. अडचण शेवटाची नाही, सुरुवात कशी करायची याची आहे. ठराव करायचा सभेला हक्क आहे का, हा प्रश्न त्यांनी चक्क बाजूला ठेवला. असेलही हक्क! पण आज तो वापरणं शहाणपणाचं आहे का? माझ्या मते भाषणाची सगळी ताकद इथे आहे. हक्कावर वाद घातला असता तर समोरचे इरेला पेटले असते. शहाणपणाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांना विचार करावा लागला. बळजबरीने प्रश्न सुटत नाहीत, हे सांगायला त्यांनी एडमंड बर्कचा उतारा वाचून दाखवला.

चर्चा जानेवारीवर गेली. लीग काही आली नाही. २२ जानेवारी १९४७ ला ठराव मंजूर झाला. म्हणजे ज्यासाठी थांबायचं, ते साधलं नाहीच.

पुढे फाळणीमुळे बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली. तेव्हा ३० जूनला राजेंद्रप्रसादांनी मुंबईचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांना लिहिलं, की आंबेडकरांना मुंबईतून निवडून पाठवा. रिकामी जागा होती ती जयकरांची. २९ ऑगस्टला मसुदा समिती नेमली गेली, त्यात बाबासाहेब होते.