विषाणुरोधकांची परीक्षा

संगणकाचे विषाणूंपासून रक्षण करणाऱ्या प्रणालींत सरस कोणती, हा प्रश्न वरकरणी सोपा भासतो. शंभर विषाणू तिच्यापुढे ठेवावेत आणि किती ओळखले ते मोजावे! परंतु ते शंभर निवडले कोणी, एवढे विचारताच सोपेपणा संपतो. प्रत्येक विषाणू अचूक ओळखील असा प्रोग्राम रचताच येत नाही, हे अमेरिकन शास्त्रज्ञ फ्रेड कोहेन यांनी १९८० च्या दशकातच सिद्ध केले होते. निर्दोष रक्षक मिळणार नाही म्हटल्यावर उरते ती तुलना, आणि तुलना करणाराच पक्षपाती निघाला तर ग्राहकाने पाहावे कोणाकडे?

आरंभीच्या परीक्षकांनी हजारो फाइलींचे संग्रह जमविले. त्यांतील कित्येक मोडक्या, मुळी पसरण्यासच असमर्थ होत्या. अशा निर्जीव फाइलीलाही विषाणू म्हणणारी प्रणाली अधिक गुण मिळवी आणि तारतम्य बाळगणारी मागे पडे. जो वेल्स यांनी १९९३ मध्ये यावर उपाय योजिला. लोकांच्या संगणकांत प्रत्यक्ष हिंडणाऱ्या विषाणूंचीच त्यांनी यादी केली. किमान दोन जाणकारांनी कळविल्यावाचून मुख्य यादीत प्रवेश नसे. इंग्लंडमधील ‘व्हायरस बुलेटिन’ने १९९८ पासून याच यादीवर आपली कसोटी उभारली. यादीतील एकही विषाणू निसटता कामा नये आणि निरुपद्रवी फाइलींवर एकही खोटा आळ येता कामा नये! ही दुसरी अट अधिक शहाणपणाची. ऊठसूट ‘चोर, चोर’ ओरडणारा राखणदार घरधन्याची झोप तेवढी मोडतो.

तथापि यादी ठाऊक म्हणजे प्रश्नपत्रिका आधीच हाती. नवे विषाणू हवेत म्हणून अमेरिकेतील ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने २००६ मध्ये सुमारे ५,५०० नवे प्रकार मुद्दाम घडवून घेतले, तेव्हा मोठा गहजब झाला. बंब पारखण्यासाठी गावात आग लावावी काय, असा आक्षेप होता. २००८ मध्ये परीक्षक व उत्पादक यांनी मिळून ‘अ‍ॅम्टसो’ ही संस्था स्थापिली. चाचणीने जनतेस धोका पोहोचू नये, हे तिचे पहिलेच तत्त्व.

खरा धक्का बसला तो २०१५ मध्ये. चीहू ३६० या चिनी कंपनीने परीक्षेला पाठविलेल्या प्रणालीत बिटडिफेंडर या दुसऱ्याच कंपनीचे शोधयंत्र चालू होते. ग्राहकांच्या हाती जाणाऱ्या प्रणालीत ते मुळात बंदच असे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे! खुलासा मागता, परीक्षेसाठी काही मांडणी बदलल्याचे कंपनीने मान्य केले. ‘व्हायरस बुलेटिन’, ऑस्ट्रियातील ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’ आणि जर्मनीतील ‘एव्ही-टेस्ट’ या तिघांनी एकत्र येऊन तिला त्या वर्षी दिलेली प्रमाणपत्रे रद्द केली.

पुढे २०१८ मध्ये ‘अ‍ॅम्टसो’ने लेखी मानक स्वीकारले. चाचणीचा आराखडा आधी जाहीर करावा आणि उत्पादकासही आपले म्हणणे मांडू द्यावे, असे त्यात ठरले. त्याच वर्षी एनएसएस लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेने ‘अ‍ॅम्टसो’ व तीन उत्पादकांवर संगनमताचा दावा लावला. ज्यांची परीक्षा व्हावयाची, तेच नियम ठरविण्यास बसले आहेत, ही तिची तक्रार होती. ती प्रयोगशाळा २०२० मध्ये बंद पडली. मात्र त्या संस्थेत परीक्षक आणि उत्पादक आजही शेजारी शेजारीच बसतात.