अबू सिंबेलची शैलमंदिरे : एका दिवसाच्या दर्शनापलीकडील इतिहास

प्रस्तावना :
आस्वानहून पहाटे निघून सुमारे २८० कि.मी. वाळवंट ओलांडायचे, दोन तास मंदिरे पाहायची आणि त्याच दिवशी परतायचे, असा अबू सिंबेलच्या बहुसंख्य पर्यटकांचा क्रम असतो. या धावत्या दर्शनात काय दिसते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मंदिरांचे स्वरूप :
इ.स.पू. तेराव्या शतकात दुसऱ्या रामसेसने नुबियातील वालुकाश्माच्या कड्यात ही दोन मंदिरे कोरविली. मोठ्या मंदिराच्या दर्शनी भागी राजाच्या सुमारे २० मीटर उंचीच्या चार बैठ्या मूर्ती आहेत, तर आत कादेशच्या लढाईची शिल्पे आहेत. दक्षिणेकडून नाईलमार्गे येणाऱ्याला इजिप्तच्या सत्तेची जाणीव करून देणे, हा त्यांचा उघड हेतू होय. लहान मंदिर हाथोर देवी व राणी नेफरतारी यांना अर्पण केलेले असून तेथे राणीची मूर्ती जवळजवळ राजाइतकीच उंच आहे. इजिप्शियन शिल्पपरंपरेत ही बाब दुर्मिळ मानली जाते.

स्थलांतर :
आस्वानच्या उंच धरणामुळे ही मंदिरे बुडणार होती. १९६० मध्ये युनेस्कोने जगाला आवाहन केले. नुबियातील या बचावकार्यात भारतानेही भाग घेतला. १९६१-६२ मध्ये बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली आफियेह येथे उत्खनन झाले. १९६४ ते १९६८ या काळात मंदिरे हजाराहून अधिक खंडांत कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारण्यात आली. आज त्यांच्यामागे दिसणारा डोंगर मानवनिर्मित असून त्याच्या पोटात काँक्रीटचा घुमट आहे. मात्र प्राचीन काळी कोसळलेल्या मूर्तीचे अवशेष पूर्वीप्रमाणेच तिच्या पायाशी ठेवले गेले. भग्नता हाही इतिहासाचा पुरावा आहे, हे यातून मान्य झाले.

समारोप :
मूर्तीचे तुकडेही जपणाऱ्या त्याच काळात इजिप्तमधील सुमारे ५० हजार नुबियन रहिवाशांना गावे सोडून कोम ओम्बो परिसरात जावे लागले. त्यांची शेते, खजुराची झाडे आणि पूर्वजांची दफनस्थाने नासर सरोवराखाली गेली. दगड नव्या जागी जसाच्या तसा रचता आला, परंतु नदीकाठचे लोकजीवन तसे रचता आले नाही. म्हणून या स्थळाचे अध्यापन करताना मंदिर कोणी कोरले, या प्रश्नासोबतच ते वाचविताना कोण विस्थापित झाले, हा प्रश्नही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे अगत्याचे ठरते.